तंजावर दोन दिवसांत होईल, पण नवग्रह त्यात कोंबू नका

तुम्ही विचारलंय की तंजावर जिल्ह्यातली जुनी मंदिरं दोन दिवसांत बघून होतील का, नवग्रह मंदिरं त्यातच बसवता येतील का, आणि मराठ्यांच्या काळातलं तिथे काय शिल्लक आहे. पहिल्याचं उत्तर, महत्त्वाची तेवढी होतील. दुसऱ्याचं उत्तर नाही. नाही म्हणजे नाहीच. तिसऱ्याबद्दल पुढे लिहिते, आधी दुसऱ्याबद्दल बोलू दे कारण ह्या विषयावर आमच्या घरात अजून भांडण चालू आहे.

मुळात त्या नऊपैकी चारच मंदिरं तंजावर जिल्ह्यात आहेत: तिंगळूरचा चंद्र, सूर्यनारकोविल, कंजनूरचा शुक्र आणि तिरुनागेश्वरमचा राहू. गुरूचं आलंगुडी तिरुवारूर जिल्ह्यात, मंगळ बुध केतू तिघेही मयिलाडुतुरै जिल्ह्यात, आणि शनीचं तिरुनळ्ळार तर तमिळनाडूतच नाही, ते कारैकलला म्हणजे पुदुच्चेरीत. आता हे सगळं एका दिवसात करायचं म्हणजे पहाटे निघून रात्री परत, आणि मधे दुपारी साडेबारा ते चार देवळं बंद, तेवढा वेळ गाडीत नाहीतर कुठल्यातरी हॉटेलात केळीच्या पानासमोर बसून राहायचं. लोक हे करतात, कुंभकोणमहून त्याची सरकारी बससुद्धा निघते, पण करतात म्हणून तुम्ही करायलाच पाहिजे असं नाही.

आम्ही चेन्नईला राहतो. माझे मोठे दीर, जाऊबाई आणि सासूबाई सांगलीहून दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आले ते सगळा कार्यक्रम ठरवूनच. (दिवाळी हा तिथला पावसाळा आहे बरं का. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. हे मी फोनवर सांगितलं होतं, "दिवाळीत कुठं पाऊस असतोय" असं उत्तर आलं.) भाऊजींकडे नऊ देवळांची यादी होती, लॅमिनेट केलेली, कुठल्या ग्रहाला कुठलं धान्य कुठलं वस्त्र सगळं त्यात. टेम्पो ट्रॅव्हलर त्यांनी सांगलीत बसूनच ठरवली होती, आणि त्या गाडीवाल्याने नऊ ग्रह एका दिवसात म्हणजे एका दिवसात असं कबूल केलं होतं.

आदल्या संध्याकाळी तंजावरला मोठ्या देवळात, म्हणजे बृहदीश्वराच्या, गेलो, अंधार पडायला लागला होता, वरून रिपरिप, आणि भाऊजींनी सगळ्यांना एक तास दिला. एक तास! राजराज चोळाचं देऊळ, 1010 सालचं, विमान म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर दोनशे फुटांच्या वर, ह्याला एक तास. मी म्हटलं इथे भिंतीवर मराठीत कोरलेला भोसल्यांचा सगळा इतिहास आहे, सरफोजी राजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला, निदान तो तरी बघू. तर म्हणे, फोटो असतील की मोबाईलवर. आणि हाच माणूस कुंभकोणमला जेवताना सासूबाईंना सांगत होता की सांबार पण आपल्या संभाजी महाराजांच्या नावावरून आलंय.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. आता नकाशा बघा म्हणजे माझी चिडचिड कळेल. कुंभकोणमहून तिंगळूरला जाताना गाव सोडलं न सोडलं तोच दारासुरमचं जुनं चोळ देऊळ येतं. पुढे सूर्यनारकोविलकडे जाताना त्रिभुवनम आणि तिरुविडैमरुदूर, दोन्ही जुन्या देवळांची गावं, रस्त्यावरच. त्रिभुवनमचं देऊळ तिसऱ्या कुलोत्तुंगाचं, चोळांच्या मोठ्या विमानांतलं शेवटचं, शिवाय गाव रेशमी साड्या विणणाऱ्यांचं, जाऊबाईंनी तर उडीच मारली असती. प्रत्येक ठिकाणी मी म्हणतेय की वीस मिनिटं थांबू, आणि प्रत्येक वेळी पुढच्या सीटवरून एकच प्रश्न, "तिथं कुठला ग्रह?"

ग्रह नाही तर थांबायचं नाही.

बाकीचा दिवस सांगत बसत नाही. तिरुनागेश्वरमला राहूवर दुधाचा अभिषेक करतात, ते दूध निळं होतं म्हणतात म्हणून सगळे माना उंचावून बघत होते, आम्हाला पुढच्यांची डोकी दिसली. बुधासाठी तिरुवेंकाडूला गेलो. चोळकालीन कांस्यमूर्तींतला सगळ्यात देखणा शिव ह्याच गावात सापडला, 1011 सालचा, वृषभवाहन, नंदीच्या अंगावर हात टेकून उभा आहे आणि नंदीच नाहीये, तरी तो हात बघून नंदी किती उंच असेल ते कळतं. ती मूर्ती आता तंजावरच्या राजवाड्यातल्या कलादालनात आहे, शेजारी तिची देवी. भाऊजी मूर्तीच्या गावाला जाऊन आले, आणि मूर्ती जिथे ठेवलीय त्या राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर चहा पिऊन परत आले. तिरुनळ्ळारच्या रांगेत सासूबाईंचे पाय सुजले. त्यांना गुडघ्याचा त्रास, पण पोराला कोण बोलणार.

पुढच्या दिवशी भाऊजी नाश्त्यानंतर आडवे झाले आणि मी सासूबाईंना रिक्षात घालून दारासुरमला घेऊन गेले. कुंभकोणमहून तीन-चार किलोमीटर. पाऊस थांबला होता, देवळाचं आवार खोलगट आहे त्यामुळे जागोजागी पाणी साठलेलं, माणसं अगदी तुरळक. दुसऱ्या राजराजाचं देऊळ, बाराव्या शतकातलं. पुढचा मंडप रथासारखा, चाकं घोडे सगळं. नंदीपाशी बलिपीठाच्या पायऱ्या आहेत, त्या दगडातून सूर निघतात म्हणे, आता जाळी लावलीय. सासूबाई ह्या सगळ्यावरून नजर फिरवून पुढे गेल्या, मला वाटलं कंटाळल्या. पण मुख्य देवळाच्या जोत्याला, अगदी खाली, वीतभर उंचीची चित्रं कोरलेली आहेत, ती वाकून बघायला लागल्या आणि विचारलं, ही माणसं कोण?

ते 63 नायनार, तमिळ शैव संत. एकेकाची गोष्ट एकेका चौकटीत, वर तमिळमध्ये नाव. मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं: ह्या संतांमध्ये एक कुंभार आहे, एक कोळी, एक परीट, एक शिकारी ज्याने स्वतःचा डोळा काढून देवाला लावला, एक नंदनार ज्यांना जातीमुळे देवळात घेत नव्हते, आणि कारैकलची एक बाई. सासूबाई वारकरी घरातल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे गोरोबा, चोखोबा, जनाबाई. ह्यांचेपण आहेत की." आणि मग एकही चौकट न सोडता त्यांनी पूर्ण देवळाला फेरी मारली, ज्या बाईला आदल्या दिवशी पाऊल टाकवत नव्हतं ती. नंतर बाहेर डिग्री कॉफी प्यायल्या, दोन वेळा.

सांगलीला गेल्यावर त्यांनी शेजारणींना दारासुरमच सांगितलं. भाऊजींना ते लागलं. तेव्हापासून कुठल्याही लग्नात भेटले की चारचौघांत सुरू, आमच्या हिला देव नको, दगड पाहिजेत. मी म्हणते त्या दगडातच देव बसवलाय ना? पण असो, इथे तुम्हाला मधे घेऊन उपयोग नाही.

आता तुमच्या मराठ्यांबद्दल. एक गोष्ट आधी डोक्यातून काढा की तिथलं सगळं "आपण" बांधलं. मोठं देऊळ चोळांचं, पुढचा तो प्रचंड नंदी नायकांच्या, म्हणजे मराठ्यांच्या आधीच्या तंजावरच्या राजांच्या, काळातला, राजवाडापण मुळात नायकांचा. व्यंकोजी राजे तिथे 1675-76 च्या सुमारास आले आणि 1855 ला इंग्रजांनी राज्य खालसा केलं. तेवढ्या काळात आपल्या लोकांनी देवळं पाडली नाहीत, आहे ती राखली, दुरुस्त केली, भर घातली. त्याचा अभिमान बाळगा, तो पुरेसा आहे. मोठ्या देवळात नैऋत्य कोपऱ्यात गणपती आहे, तिकडच्या भिंतीवर तो मराठी शिलालेख, देवनागरीत आहे, थोडी सवय झाली की वाचता येतो. आपण स्वतः वाचू शकतो असा शिलालेख एवढ्या लांब सापडतो आणि लोक त्याला पाठ टेकून सेल्फी काढतात.

तिथेच राजराजाचे तमिळ शिलालेख आहेत, ते वाचता आले नाहीत तरी काय लिहिलंय ते माहीत असू द्या: आम्ही दिलेलं, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं दगडावर कोरा. देवळासाठी आणलेल्या 400 नर्तकींची नावं आणि कुणाला कुठल्या रस्त्यावर कितवं घर दिलं, इथपर्यंत हिशोब आहे. विमानाची सावली पडत नाही वगैरे गाईड सांगतील, पडते, बघून घ्या. गाभाऱ्याभोवतीची चोळांची चित्रं 1931 मध्ये नायकांच्या चित्रांखाली सापडली, ती बघू देत नाहीत, आवारात पुरातत्त्व खात्याचं छोटं प्रदर्शन आहे तिथे फोटोवर समाधान मानायचं.

राजवाड्यात कलादालन आणि सरस्वती महाल. ग्रंथालयाच्या संग्रहात मराठी हस्तलिखितंच तीन हजारांच्या आसपास आहेत, मोडी कागद वेगळे, पण सामान्य माणसाला संग्रहालयाचा भागच बघता येतो. दरबार हॉलच्या बाजूला सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे, फ्लॅक्समन नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. वेळ असला तर पुन्नैनल्लूरची मारिअम्मन, गावाबाहेर जवळच, भोसल्यांची भक्ती होती तिच्यावर, वारुळाच्या मातीची मूर्ती आहे.

म्हणजे पहिला दिवस तंजावर: सकाळी सहाला मोठं देऊळ, मग राजवाडा, दुपारी झोप, संध्याकाळी परत मोठं देऊळ, कारण उतरत्या उन्हात तो दगड वेगळाच दिसतो. दुसरा दिवस कुंभकोणम: सकाळी दारासुरम, चारनंतर त्रिभुवनम किंवा तिरुविडैमरुदूर. तिसरा दिवस काढता आला तर गंगैकोंडचोळपुरमचं चोळ देऊळ, जिल्हा अरियलूर लागतो पण कुंभकोणमहूनच सोपं. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. उन्हाळ्यात दुपारी फरशीवर अनवाणी पाय ठेवून बघा म्हणजे कळेल.

हे पण सांगून ठेवते की मी नवग्रहांच्या विरोधात नाहीये. कुणाचा नवस असेल, घरात काही अडचण असेल तर जावं, पण मग त्यासाठी दोन वेगळे दिवस ठेवा, शनिवारी तिरुनळ्ळार टाळा, आणि म्हाताऱ्या माणसांना नऊच्या नऊ करायला लावू नका. सूर्यनारकोविल तर मलापण आवडलं होतं, सूर्य मधे आणि बाकी ग्रहांची छोटी देवळं भोवती, म्हणजे एकाच आवारात नऊ झाले. हे मी भाऊजींना तिथेच उभं राहून म्हटलं होतं, की झाले ना नऊ, आता चला दारासुरमला.

आणि 2028 मध्ये कुंभकोणमचा महामहम, म्हणजे तिथल्या तळ्यातल्या स्नानाचा मोठा उत्सव आहे, बारा वर्षांनी येतो, आधीचा 2016 ला झाला. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये देवळं बघायला म्हणून जाऊ नका, गर्दीत काही दिसणार नाही. भाऊजींनी आत्तापासूनच येणार म्हणून कळवलंय. लॉज त्यांनी स्वतः बुक करावा.