सील दोनदा बदललं, तरी ऑइल गळतंच

प्रश्न : काका, आमचा छोटा फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे. गिअरबॉक्समधून पुढच्या ॲक्सलकडे जो शाफ्ट जातो, त्याच्यावरच्या नळीतून ऑइल ठिबकतं. आधी नळीच्या टोकाची ओ-रिंग बदलली, मग गिअरबॉक्सकडचं ऑइल सील. महिनाभर बरं होतं. पुन्हा गळायला लागलं म्हणून ओरिजिनल सील आणून बसवलं, तर आठव्या दिवशी जमिनीवर तोच डाग. वडील म्हणतात, हल्ली सीलंच खराब येतात. पान्हे मी स्वतः हातात घेते, त्यामुळे नेमकं कुठे बघायचं ते सांगा.

उत्तर : ताई, तिसरं सील आणायची घाई करू नका. शाफ्टवरून नख फिरवून पाहिलंत का, हे तुमच्या पत्रात कुठे नाही, आणि मला आधी तेच विचारायचं आहे.

सीलची लिप, म्हणजे आतली रबरी कड, जिथे टेकते तिथे शाफ्टवर एक चकचकीत पट्टा दिसेल. तो पुसून कोरडा करा आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेने त्यावरून नख ओढा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. रबराने पोलाद झिजतं हे मलाही सुरुवातीला पटत नसे. पण बारीक धूळ लिपमध्ये रुतून बसते आणि तीच पॉलिश पेपरसारखी शाफ्ट घासत राहते. त्या खाचेवर नवं सील बसवलं की लिपला नीट टेकायला जागाच उरत नाही. एका ट्रॅक्टरवर मी तीन सीलं वाया घालवली होती, तिसऱ्या वेळी नख अडकलं. तेव्हापासून शाफ्ट पाहिल्याशिवाय मी सील पाकिटातून काढत नाही.

खाच उथळ असेल आणि हाऊसिंगमध्ये, म्हणजे सील बसतं त्या घरात, जागा असेल, तर सील १–२ मिमी आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे लिप कोऱ्या जागेवर येईल. मात्र आत सरकवताना ते बेअरिंगला टेकू नये आणि ऑइलचं भोक बुजू नये. खाच खोल असेल तर शाफ्टवर चढवायची पातळ स्टीलची रिपेअर स्लीव्ह मिळते. तिची जाडी पाव मिमीच्या आसपासच असते, म्हणून सीलचं माप बदलावं लागत नाही. तेही शक्य नसेल तर शाफ्ट बदलायचा. नुसता हलका गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवा. लांबीच्या दिशेने कधीही घासू नका, कारण त्या रेघांतूनच ऑइल वाट काढतं.

नख अडकलं नाही, तर शाफ्ट हाताने धरून वर-खाली हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर बेअरिंग गेलं आहे. गोल फिरण्याऐवजी डगमगणाऱ्या शाफ्टवर कुठलंच सील टिकत नाही.

आणि ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्सची हवा ये-जा करायची वाट! याच्याकडे कोणी बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. काम करताना गिअरबॉक्स तापतो, आतली हवा फुगते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ती हवा ऑइलला सीलच्या लिपखालून बाहेर ढकलते. काम थांबवल्यावर ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा. ‘फुस्स’ असा आवाज आला तर ब्रीदर काढून डिझेलने धुवा. ऑइल खुणेच्या वर भरलं असेल तरी गळती वाढते, तेही पाहून घ्या.

ओ-रिंग बदलूनही थांबलं नाही याचं कारण सरळ आहे. अशा नळीचा आतला भाग बहुधा कोरडा असतो. सील गळलं की ऑइल नळीत साठतं आणि जिथे उतार असेल तिथून खाली येतं. त्यामुळे थेंब एका टोकाला आणि गळती दुसऱ्या टोकाला, असंही होतं. नळी सरकवून दोन्ही टोकं डिझेलने धुवा, पुसा, नळी परत लावून ट्रॅक्टर चालवा. मग इंजिन बंद करून पुन्हा उघडा आणि कोणतं टोक ओलं आहे ते बघा. ॲक्सलकडचं सील गळत असेल तर तुम्ही दोन्ही वेळा चांगलंच सील काढून टाकलं आहे. नळी उघडी ठेवून ट्रॅक्टर मात्र चालवू नका, फिरता शाफ्ट कपडा किंवा ओढणी क्षणात ओढून घेतो.

आता बसवण्याबद्दल. ट्रॅक्टर सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांखाली ठोकळे, चावी तुमच्या खिशात. ऑइल स्वच्छ डब्यात काढा. जुन्या सीलवर ३५-५२-७ असे तीन आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळे मिमीमध्ये. तुमच्या सीलवरचे आकडे नव्याशी जुळवा. धुळीच्या कामाला बाहेरच्या बाजूने धूळ अडवणारी दुसरी लिप असलेलं सील घ्या. लिपमागे बारीक गोल स्प्रिंग दिसते, ती बाजू ऑइलकडे. स्प्रिंगच्या खोबणीत थोडं ग्रीस भरा, म्हणजे ठोकताना स्प्रिंग निसटत नाही. लिपला ऑइल लावा. कोरडी लिप पहिल्या काही मिनिटांतच जळते. शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे टोकाच्या दात्यांवर, पातळ प्लास्टिक गुंडाळून सील सरकवा. स्प्लाइनच्या धारेने लिप चिरली तर डोळ्यांना दिसतही नाही, आणि आठ दिवसांत गळणाऱ्या सीलांत मला हे बरेचदा सापडलं आहे. ठोकायला सीलच्या बाहेरच्या कडेएवढा पाइपचा तुकडा घ्या, हातोडी थेट सीलवर नको. एका बाजूने तिरकं गेलं तर ठोकून सरळ करू नका, ते काढून दुसरं घ्या.

प्रश्न : दिवसाला चार-पाच थेंबच पडतात. वरून ऑइल टाकत हंगाम काढला तर चालेल का?

उत्तर : पातळी रोज बघणार असाल तर थोडे दिवस चालेल. पण जिथून ऑइल बाहेर येतं तिथून पाणी आणि चिखल आतही जातो. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं की त्याच दिवशी काम थांबवा, कारण मग सीलबरोबर बेअरिंगंही जातात.