गृहकर्जाच्या मंजुरीपत्रावर सही करण्याआधी

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

वाकडच्या फ्लॅटचं कॉस्ट शीट पाहिलं. किंमत ७० लाख. बँक ८० टक्के देईल, उरलेले १४ लाख बाबा देतील, हा तुझा हिशेब. पण मुद्रांक शुल्क बँक त्यात धरत नाही. पुण्यात ते ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून ५ टक्के जीएसटी, साडेतीन लाख. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालेल्या इमारतीत बिल्डरकडून घेतलास तर तो लागत नाही. चौदाचे असे पावणेतेवीस लाख होतात, आणि ते बाबांच्या पीएफमधून येणार आहेत. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

आता हप्ता. ५६ लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं: महिना साधारण ४८,६००. पहिल्या हप्त्यातले जवळजवळ ३९,७०० व्याजातच जातात. २२ हजार भाडं भरतोस ते पाण्यात जातं असं घरचे म्हणतात. मग हे व्याज कुठे जातं?

शिवाय दर स्थिर नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. कुणाचा हप्ता वाढला, कुणाची मुदत लांबली. पगार त्या मानाने कुणाचाच वाढला नाही.

आयटीत नवख्यांना साडेतीन लाखांच्या आसपासचं पॅकेज मी दहा वर्षांपूर्वीही ऐकत होतो, आजही ऐकतो. जागांचे भाव मात्र थांबले नाहीत. तेव्हा घर घेता येत नाही हा तुझा नाकर्तेपणा आहे, हे आधी मनातून काढून टाक. लग्नाच्या बैठकीत 'मुलाचा स्वतःचा फ्लॅट आहे का' असं विचारलं, तर 'भाड्याने राहतो, कर्ज नाही' असं मान वर करून सांग.

घ्यायचंच ठरलं, तर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर प्रकल्पाची ताब्याची तारीख कितीदा पुढे गेली ते बघ. करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर एक पैसा देऊ नकोस. कायद्याने बिल्डरला तो मागताच येत नाही.

आणि सहीआधी सहा महिने, पगार झाला की भाडं देऊन वर २६,६०० (हप्ता वजा भाडं) बाजूला काढत जा. गावी पैसे पाठवून, आजारपण-सणवार सांभाळून जमलं, तर मला फोन कर. आपण दोघं मिळून साइटवर जाऊ.