मामलेदार म्हणे, पण उभे का?

प्रश्न : आमच्या जुन्या घरात पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक ग्रुप फोटो आहे. मागे शाईने '१८८६' लिहिलंय. मधे एक गृहस्थ खुर्चीत, त्यांच्या दोन्ही अंगांना दोघे बसलेले, पुढे जमिनीवर दोघे, बाकीचे उभे. आमचे खापरपणजोबा मागच्या रांगेत उजव्या टोकाला आहेत. ते मामलेदार होते असं घरात सांगतात. मग त्यांना खुर्ची का नाही? पगडी काळी कशी? आणि फोटो ओल्या फडक्याने पुसला तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचा स्कॅन मोठा करून पाहिला. जमिनीवर बसलेल्या दोघांच्या छातीवर आडवा पट्टा आहे, त्यावर बिल्ला. म्हणजे ते पट्टेवाले, आणि फोटो कचेरीचा. अशा फोटोत खुर्ची कोणी सहज ओढून बसत नसे. साहेबापुढे कोणाला खुर्ची मिळते यावर माणसाची पत ठरायची. दख्खनच्या सरदारांचेसुद्धा इंग्रजांनी पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग लावून ठेवले होते. फोटोवाला तोच क्रम काचेवर उतरवी (तेव्हा फिल्मऐवजी रसायन लावलेली काच असे). तेव्हा मधले गृहस्थ मामलेदार धरा, शेजारचे दोघे अव्वल कारकून किंवा त्याच तोलाचे कोणी, उभे ते कारकून. खापरपणजोबाही १८८६ साली कारकूनच असावेत. मात्र घरची गोष्ट खोटी ठरवायची घाई नको. कारकुनीतून चढत मामलेदार झालेले त्या काळी पुष्कळ होते.

त्यांचा चेहरा पुसट आलाय, तो ते हलले म्हणूनच असं नाही. १८४० साली पेट्झव्हाल या गणितज्ञाने बनवलेल्या धर्तीची भिंगं पोर्ट्रेटसाठी सर्रास वापरत. त्यांत मधला भाग लख्ख येतो, कडा विरतात. मानाची जागा आणि भिंगाची चांगली जागा अशी एकच! तुमच्या मामलेदारांच्या मिशीचा केस न् केस मोजता येतो, टोकाच्या माणसाचं नाकही नीट कळत नाही.

मधली जागा नेहमी पदालाच मिळे असंही नाही. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, ७२ प्रतिनिधींचं. अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी. पण त्या प्रसिद्ध ग्रुप फोटोत मधोमध आहेत काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे निवृत्त इंग्रज अधिकारी ॲलन ह्यूम आणि अध्यक्ष त्यांच्या बाजूला. खरी सूत्रं कोणाकडे होती, ते ओळखायला इतिवृत्त वाचावं लागत नाही.

पगडी बहुधा लाल होती. तेव्हाच्या साध्या काचांवर निळा प्रकाश चटकन उमटे, लाल जवळजवळ उमटतच नसे. म्हणून लाल पगडी काळी दिसते आणि निळा कपडा फिका. जुन्या फोटोंवरून रंगीत चित्रं करणारे इथेच फसतात.

ओलं फडकं अजिबात नको. पिवळट-तपकिरी झाक आणि चकाकी पाहता हा अल्बुमेन कागद आहे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला. (घरात अंडं वर्ज्य असेल तर आजींना हे सांगायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.) पाणी लागलं की लेप बिघडतो. मऊ, कोरड्या कुंचल्याने पुठ्ठ्यावरची धूळ तेवढी झाडा, पण फोटो पुठ्ठ्यावरून सोडवू नका. तुमच्या स्कॅनमध्ये पुठ्ठ्याची खालची पट्टी कापली गेलीय. स्टुडिओचं नाव पुष्कळदा तिथेच छापलेलं असतं. तेवढी पट्टी पाठवा.