पुण्यात लिनक्सचा जॉब बघतोय, आरएचसीएसए (रेड हॅट कंपनीची लिनक्सची प्रॅक्टिकल परीक्षा) द्यावी की एमसीक्यूवाली, म्हणजे पर्यायातून उत्तर निवडायची, एखादी सर्टिफिकेट परीक्षा?

तुम्ही लिहिलंय की बीएस्सी झालंय, पैसे एकाच परीक्षेपुरते आहेत आणि मित्र म्हणतायत प्रॅक्टिकलच्या भानगडीत पडू नको, एमसीक्यू पटकन निघते. मित्रांचं खरंय, निघते पटकन. माझी पण निघाली होती.

मी आधी सीसीएनए दिली, म्हणजे सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा. क्लासमधल्या एका पोराने डम्पची, म्हणजे परीक्षेतल्या फुटलेल्या प्रश्नोत्तरांची पीडीएफ दिली, ती दोन महिने पीएमटी बसमध्ये उभ्याउभ्या पाठ केली, आणि पेपर वेळेच्या बराच आधी उरकून बाहेर येऊन चहा प्यायलो. पुढे हिंजवडीत नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सिस्कोच्या नेटवर्क स्विचला लॅपटॉपवरून सेटिंग करायची कन्सोल केबल लावली तर पुटी या प्रोग्रॅमच्या स्क्रीनवर नुसता कचरा, उलटेसुलटे चौकोन. केबल बदलली, पोर्ट बदलला, अर्धा तास गेला. शेवटी एक सीनियर आला, त्याने एक आकडा बदलला, झालं. लॅपटॉपवर आधीच्या माणसाने स्पीड ११५२०० ठेवला होता आणि सिस्कोचा डिफॉल्ट ९६०० असतो, आणि कहर म्हणजे ९६०० मला पाठ होतं हो, पर्यायात दिसलं असतं तर डोळे मिटून टिक केलं असतं. समोर पर्यायच नव्हते ना.

मग आरएचसीएसए. तीन तास, ३०० पैकी २१० ला पास, इंटरनेट नाही, फक्त मशीनमध्ये असतात ती मॅन पेजेस, म्हणजे कमांडची माहितीपानं. प्रश्न काय आले ते सांगता येत नाही, तसं कबूल करून घेतात, पण जाहीर सिलॅबसमध्येच लिहिलंय की केलेलं सगळं रीबूटनंतर आपोआप टिकलं पाहिजे. हे वाक्य मी वाचलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. सगळं करून झालं, दहा मिनिटं उरली, म्हटलं एकदा रीबूट मारून बघू. मशीन वर येतच नाही, इमर्जन्सी मोड, म्हणजे नुसती दुरुस्तीपुरती स्क्रीन. एफस्टॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, यूयूआयडी (डिस्कचा लांबलचक ओळख नंबर) टाइप करताना कुठेतरी एक अक्षर हुकलं होतं. ते दुरुस्त करायला दोन मिनिटं पुरतात, पण हात असे थरथरायला लागले की पासवर्डच तीनदा चुकला. वेळ संपली. नापास, आणि फी परत पहिल्यापासून. बरं, तपासणारा तिथे कोणी मास्तर नसतो की पोराने मेहनत केलीय, देऊ चार मार्क. मशीन उठलं तर पुढची तपासणी, नाहीतर काय कप्पाळ तपासणार.

घरी येऊन सांगितलं तर वडील हसले. ते भोसरीत फिटर होते, आयटीआय केलेले. म्हणाले आमच्याकडे पण हेच होतं, कानस मारून मेल-फीमेल जॉब करायचा, आणि सर तो उजेडासमोर धरायचे, फटीतून उजेड आला की संपलं, थिअरीत किती पडले ते कोण विचारतंय. दुसऱ्या वेळी निघाली माझी, २७० च्या वर.

पण एमसीक्यू म्हणजे टाकाऊ असंही नाही हं. एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेत १३० मिनिटांत ६५ प्रश्न असतात, तेवढ्यात कुठल्या कामाला कुठली सर्व्हिस लावायची याची जी पसरट माहिती बघून होते ती तीन तासांच्या लॅबमध्ये मावणारच नाही. आणि प्रॅक्टिकलची पण घोकंपट्टी करणारे आहेत, तोच सराव सेट चाळीस वेळा करतात, बोटांना पाठ होतं, डोक्याला नाही. कुबरनेटीस (कंटेनर चालवायची सिस्टीम) च्या सीकेए या प्रॅक्टिकल परीक्षेत तर अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडून बघायला परवानगी असते तरी लोक आपटतात, कारण दोन तासांत शोधत बसायला वेळच नसतो.

तुम्हाला लिनक्स अ‍ॅडमिनच व्हायचंय ना, मग आरएचसीएसएच द्या. इंटरव्ह्यू घ्यायला बसलो की मी स्वतः कागदावरची सर्टिफिकेट बघतो आणि लगेच विचारतो, रूटचा, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनचा पासवर्ड विसरलाय, काय कराल. ज्याने हाताने केलंय तो ग्रबपासून (मशीन सुरू होतानाच्या मेनूपासून) सुरू करतो आणि शेवटी एसईलिनक्सचं, म्हणजे लिनक्सच्या सुरक्षा व्यवस्थेचं, रीलेबल करायचं विसरत नाही. पाठ केलेला तिथेच अडकतो.

क्लास लावायलाच पाहिजे असं नाही. रॉकी किंवा अल्मा लिनक्स, रेड हॅटसारखंच, फुकट आहे, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आतच आभासी मशीन चालवायचा प्रोग्रॅम) दोन मशीन टाका, आणि एकेक काम झालं की रीबूट करत जा, सगळं शेवटी एकदम नको. एफस्टॅबला हात लावला की आधी माउंट मायनस ए (यादीतलं सगळं जोडून बघणारी कमांड), एरर नाही आली तरच रीबूट, मी आजही ऑफिसात हेच करतो आणि ज्युनियर पोरं हसतात. लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर दोन मशीन चालतात, ४ च असेल तर आधी रॅम टाका, परीक्षेची फी पुढच्या महिन्यात भरा.