आज किती फूट?

"मॅडम, वजन गेलं. पण ज्याच्यासाठी घालवलं, ते दुखणं काही गेलं नाही."

हे वाक्य समुपदेशनाच्या कामात मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की समोरचं माणूस 'वजन गेलं' म्हणून थांबलं की पुढचं मला आधीच ऐकू येतं. आपल्या सांगली-मिरजेकडची मंडळी पुण्याला, कोल्हापूरला जाऊन वजनाचं ऑपरेशन करून येतात. पहिले काही महिने कौतुकात जातात. मग कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाच्या टाचा बोलायला लागतात. घरात सांगायची चोरी, कारण निम्म्या घराचा ऑपरेशनला विरोध होता. डॉक्टरांना सांगायची लाज. शेवटी एखादा फिजिओथेरपिस्ट "यांच्या गुडघ्यापेक्षा मनच जास्त सुजलंय" म्हणत माझ्याकडे पाठवतो.

त्यातल्या एका बाईंची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींचे तपशील एकमेकींत मिसळलेत. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणते, आपणही वहिनीच म्हणू.

वहिनी सांगलीच्या गावभागातल्या. वय ४९, नवऱ्याचं किराणा दुकान. चौदा महिन्यांपूर्वी वजनाचं बायपास झालेलं, म्हणजे जठराचा छोटा कप्पा करून तो आतड्याला जोडतात ते. १२१ किलोंवरून ८३ वर आलेल्या. विश्रामबागला माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे. त्या दिवशी जिन्यात पावलं ऐकू येत होती: एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर, मग जरा थांबणं. आत आल्या, टेबलाच्या कडेवर तळहात टेकून बसल्या. बोट बारीक झालं म्हणून अंगठीला मागून दोरा गुंडाळला होता. तो हळदीनं पिवळा झालेला.

"मी फसले, मॅडम."

"कुणी फसवलं?"

"कुणी कशाला? मीच. पोरीच्या लग्नाची एफडी मोडली. साडेचार लाख. सासूबाई म्हणतात, पोट कापून घेतलंस आणि गुडघे होते तिथंच."

इथं मी एक चूक केली. ती लपवत नाही, कारण घरातली माणसंही नेमकी हीच करतात. मी हिशोब मांडला. गुडघ्याची झीज झालेल्यांच्या अभ्यासात मोजलंय, म्हटलं, एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. तुमचे अडतीस गेले, म्हणजे दर पावलाला दीडशे किलोंचं ओझं उतरलं! मला वाटलं, बाईंना धीर येईल. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढं ओझं उतरूनही दुखतंय म्हणजे खोट माझ्यातच आहे की."

आकडा खरा होता, वेळ चुकली होती. ज्याच्या मनात आधीच खटला चालू आहे त्याच्यासमोर आपण पुरावा ठेवला, तर तो त्याच्याच विरोधात वापरला जातो. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी हिशोब मांडत नाही.

डोळे पुसायला त्यांनी पर्समधून रुमाल ओढला आणि त्याबरोबर गोळ्यांची अर्धी पट्टी टेबलावर पडली. मेडिकलमधून आणलेली, साधी अंगदुखीची. रोज एक, लग्नकार्य असेल तर दोन. मी बोलणं तिथंच थांबवलं आणि त्यांना माझ्यासमोर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे फोन लावायला सांगितला.

मी डॉक्टर नाही. पण माझ्याकडं असं कुणी आलं की दोन गोष्टी विचारल्याशिवाय मी मनाच्या बाजूला वळतच नाही, आणि वाचणाऱ्यांनीही वळू नये. पहिली या गोळ्यांची. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या बायपासनंतर घ्यायच्या नसतात. जठराचा छोटा कप्पा आतड्याला जिथं जोडलेला असतो, त्या सांध्यावर व्रण पडतो, रक्त जाऊ शकतं. डिस्चार्जच्या वेळी हे सांगितलेलं असतं, पण त्या दिवशी कोण ऐकण्याच्या मनःस्थितीत असतं? दुखण्यावर काय चालेल ते आपल्या सर्जनलाच विचारायचं. मेडिकलवाल्याला तुमचं पोट आतून कसं जोडलंय ते माहीत नसतं. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर उद्याची वाट बघायची नाही.

दुसरी गोष्ट, ठरवून दिलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू आहेत का? वहिनींनी पाचव्या महिन्यात बंद केल्या होत्या. "आता बरी झाले की, कशाला?" बायपासनंतर अन्नातून कॅल्शियम, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व पूर्वीइतकं अंगी लागत नाही, म्हणून त्या गोळ्या जन्मभराच्या असतात. ड कमी पडलं की हाडं आणि स्नायू दोन्ही दुखतात. बी-१२ कमी पडलं की पायाला मुंग्या येतात, आणि माणूस सांध्याला दोष देत बसतं. तपासणीत वहिनींची दोन्ही कमी निघाली. शिवाय जेवण म्हणजे मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटं. प्रथिनं दिवसाला निदान ६० ग्रॅम तरी पोटात जावीत, असं त्यांच्या आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेलं होतं. तो कागद फ्रिजवर लावलेला होता, आणि त्यावर दूधवाल्याचा हिशोब लिहिलेला. भराभर वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर मांसही जातं. मांड्यांचे स्नायू गेले, मग गुडघ्याला धरून ठेवणार कोण?

एक गृहस्थ माझ्याकडं याच तक्रारीनं आले होते, पायाचा अंगठा लालबुंद सुजलेला. ते युरिक ॲसिड निघालं. वजन झपाट्यानं उतरताना, पाणी कमी पडल्यावर ते उसळू शकतं. त्यांना समुपदेशन नको होतं, औषध हवं होतं. एकच सांधा गरम, लाल, सुजलेला असेल किंवा सोबत ताप असेल, तर माझ्यासारखीकडं येऊ नका, सरळ दवाखाना गाठा.

वहिनींचं औषधपाणी मार्गी लागलं. महिन्याभरात जिन्यावरचं थांबणं कमी झालं. पण गुडघ्याचं दुखणं काही थांबलं नाही. झीज ऑपरेशनआधीच्या एक्स-रेमध्येच दिसत होती, आणि घासलेली कूर्चा वजन उतरल्यानं परत उगवत नाही. आता जे उरलं होतं ते माझ्या अंगणातलं काम.

"गुडघा दुखला की मनात पहिलं काय येतं?" मी विचारलं.

"साडेचार लाख."

"आणि मग काय करता?"

"उठते आणि फरशी पुसते."

"दुखत असताना?"

"मग? वसूल व्हायला नको?"

हे ऐकून मी वहीत काही लिहिलं नाही, तरी लक्षात राहिलं. बाई दुखणं विसरायला काम करत नव्हत्या, पैसे वसूल करायला करत होत्या. ज्या दिवशी जरा बरं वाटे त्या दिवशी शेजारच्या हरिपूर गावापर्यंत चालत जायचं, संगमेश्वराचं दर्शन घ्यायचं, परत यायचं, वर चार माणसांच्या भाकरी उभ्यानं थापायच्या. पुढचे तीन दिवस आडवं. आडवं पडलं की "फसले" सुरू. चौथ्या दिवशी पुन्हा हरिपूर.

मी विवेकनिष्ठ विचारसरणीत शिकलेली. आमच्याकडं असं मानतात की माणसाला घटना जेवढी छळते, त्याहून त्या घटनेला त्यानं लावलेली अट जास्त छळते. 'दुखलं नसतं तर बरं झालं असतं' ही इच्छा आहे, ती रास्तच. 'दुखायलाच नको होतं, मी एवढं केलंय' ही अट. शरीरानं कुठल्या कागदावर सही केलेली नसते. पण हे असं सरळ सांगून कुणाला कधी पटलंय? मला तर नाही. हे ज्याचं त्याला दिसावं लागतं.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत मी नेहमीचं विचारलं, आज दहापैकी किती दुखतंय? वहिनी वैतागल्या.

"काय हो मॅडम, शाळेत घातल्यासारखं मार्क मागताय! दहातले किती ते मला नाही कळत. पुलाला किती फूट ते विचारा, सांगते."

सांगलीबाहेरच्यांसाठी सांगते. पावसाळ्यात आमच्याकडं 'कसे आहात'च्या आधी 'आयर्विनला किती?' विचारतात. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. गावभागातल्या शेंबड्या पोरालाही कळतं की कितीला खालचं सामान वर चढवायचं आणि कितीला घर सोडायचं.

"बरं, मग आज किती फूट?"

"आज अडतीस." एका क्षणाचाही विचार न करता.

"आणि सगळ्यात जास्त?"

"मागच्या महिन्यात, पुतण्याच्या हळदीला. सत्तावन्न." आणि हसल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्यांच्या दुकानात छताला हात लावून आलं होतं. मग त्या दुकानाचंच सांगत बसल्या. पोत्यातला गूळ कसा विरघळला, वजनकाटा कसा गाळात सापडला. मी मध्ये बोलले नाही.

"पाणी काय, आठ-दहा दिवसांत उतरलं. पण भिंत दोन वर्षं ओली होती. ह्यांना घाई. दिवाळीला रंग लावला, संक्रांतीला पोपडे. पुन्हा लावला, पुन्हा पोपडे. शेवटी गवंडी म्हणाला, वहिनी, पाणी गेलं म्हणून भिंत वाळली होय? तिला वाळू तर द्या."

आणि थांबल्या. अंगठीवरचा दोरा नखानं उकलत बसल्या.

माझ्या तोंडाशी तीन वाक्यं आली होती, तिन्ही छान होती. मी ती गिळली. एवढ्या वर्षांच्या कामात मला कशाचा अभिमान असेल तर अशा वेळी गिळलेल्या वाक्यांचा. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. दीड-दोन मिनिटं गेली असतील.

"मी नुसता रंगच लावत बसलेय का हो?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"वजन म्हणजे पाणी. ते उतरलं." मग गुडघ्यावर हात ठेवून, "ही ओल. वीस वर्षांची आहे. हिनं काही फसवलं नाही मला. ही आहेच."

त्या दिवशी वहिनी रडल्या नाहीत. मीच जरा खिडकीकडं बघत राहिले.

नंतरचं काम त्यांच्या फुटांवरच चाललं. मी लिहून घेत गेले, ठरवलं त्यांनी. तीसच्या खाली असेल तर फिजिओचे सगळे व्यायाम, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, आणि चालायचं ते गणपती मंदिरापर्यंत. हरिपूर नाही, कितीही बरं वाटलं तरी. कारण बरं वाटण्याच्या दिवशीच जास्त होतं आणि त्याचं बिल मागाहून येतं. इथंही त्यांनीच मला शिकवलं: "कोयनेतून सोडलेलं पाणी लगेच कुठं येतं इथं? आपल्याकडं ऊन असतं आणि पूर चढत असतो." चाळीसला व्यायाम निम्मे, पण बंद नाहीत, आणि भाकरी बसून. पंचेचाळीसच्या वर गेलं की विश्रांती आणि डॉक्टरांना फोन, मेडिकल नाही. साधी गोष्ट होती. पण 'आज माझं कसं होणार' याच्या जागी 'आज किती फूट आणि मग काय' असा प्रश्न आला. भीतीनं सगळंच सोडून बसणाऱ्यांनाही हे तितकंच लागू. पुराच्या धास्तीनं कुणी बारा महिने माळ्यावर राहत नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द. "आता काय बाई, हलकी झालीस!" म्हणत चार तास ओट्यापाशी उभं करू नका. वजन उतरलेलं दिसतं, झीज दिसत नाही. आणि "बघ, मी म्हटलं नव्हतं?" हे तर नकोच. वहिनींच्या यजमानांना मी एकदाच बोलावलं. त्यांना काही समजावलं नाही, फक्त बायकोला रोज सकाळी फूट विचारायचं काम दिलं. दुकानदार माणूस, आकड्यात रमला. ओट्याजवळ उंच स्टूल त्यांनीच आणून ठेवलं.

सासूबाईंना काय उत्तर द्यायचं, हा प्रश्न बरेच दिवस होता. वहिनींची साखर आता निम्म्या गोळ्यांवर आहे, रात्री घोरणं थांबलंय, धाप लागत नाही. हे सगळं ऑपरेशननं दिलेलं. पण ते ऐकवून सासूबाईंचं तोंड बंद करायचं, की ऐकवायचंच नाही? त्यांनी ऐकवायचं नाही असं ठरवलं. मला वाटतं, खटला मिटला होता. साक्षीदार बोलवायची गरज उरली नव्हती.

पुढं कधी सांधा बदलायची वेळ येऊ शकते, हेही आम्ही बोललो. ती आली तर पहिलं ऑपरेशन फुकट गेलं असा अर्थ नाही. जास्त वजनामुळं पुढं ढकललेलं सांध्याचं ऑपरेशन वजन उतरल्यावर करता येतं, असं कितीतरी जणांचं होतं.

आता त्या दोन महिन्यांतून एकदा येतात. मध्ये व्हॉट्सॲपवर नुसता आकडा पाठवतात. परवा, पावसाच्या झडीत, सकाळी सातला मेसेज आला:

"आज ४२. पुलाला २६. भाकरी बसून केल्या. बिस्किट नाही, उसळ खाल्ली."