मेथडिस्ट पाळकाच्या सेवापत्रकात 'लोकेटेड, १८३६' लिहिलंय, पण गाव दिलेलं नाही. ठिकाणाच्या रकान्यात काय भरू?

ठिकाणाचा रकाना कोराच ठेवा. तुम्ही दिलेली नोंद अमेरिकेतल्या ओहायो कॉन्फरन्सची, म्हणजे त्या भागातल्या मेथडिस्ट पाळकांच्या संघटनेची आहे, आणि मी अशीच पत्रकं इंडेक्स करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हे पाळक फिरतीवर असत. कॉन्फरन्सची वार्षिक सभा भरली की बिशप नेमणुका जाहीर करी आणि मंडळी घोड्यावरून आपापल्या सर्किटला, म्हणजे फिरून उपदेश करायच्या टापूला, निघत. १८०४ पासून एका जागी सलग दोन वर्षांहून जास्त ठेवत नसत. १८६४ मध्ये ही मर्यादा तीन वर्षं झाली. 'लोकेटेड' म्हणजे त्याची फिरती संपली आणि कॉन्फरन्सच्या यादीतून नाव उतरलं. कारणं बहुधा घरचीच: लग्न, पोरंबाळं, तुटपुंजा भत्ता, खचलेली तब्येत. त्याचं पाळकपण मात्र जात नसे. शेती सांभाळून तो उपदेश करी, लग्नं लावी. त्यामुळे 'बडतर्फ' असं कृपया नोंदवू नका, त्याला 'एक्स्पेल्ड' हा वेगळा शेरा आहे. तसंच सुरुवातीचं 'ऑन ट्रायल' म्हणजे खटला नव्हे, दोन वर्षांची उमेदवारी. ती पार पडली की 'फुल कनेक्शन' (कॉन्फरन्सचं पूर्ण सदस्यत्व) आणि डीकन (पाळकपदाची पहिली पायरी), पुढे आणखी दोन वर्षांनी एल्डर (पूर्ण दीक्षा झालेला पाळक).

खरी फसगत सर्किटांच्या नावांत होते. 'मायामी' टाइप केलं की संगणकावरची ठिकाणांची यादी फ्लोरिडातलं शहर सुचवते. ते शहर स्थापन झालं १८९६ साली! इथलं मायामी सर्किट ओहायोतल्या मायामी नद्यांच्या खोऱ्यातलं. 'सायओटो' हीसुद्धा नदीच. एकेका सर्किटात कितीतरी वाड्यावस्त्या येत, म्हणून हे नाव नेमणुकीत लिहा, राहण्याच्या पत्त्यात नको.

सालाचंही तसंच. कॉन्फरन्स ऑगस्ट-सप्टेंबरात भरली असेल, तर १८३४ ची नेमणूक तिथून पुढच्या कॉन्फरन्सपर्यंत चालते. मार्च १८३४ मध्ये झालेलं मूल आधीच्या सर्किटावरचं. घराण्याचा शोध घेणारा नेमका इथेच चुकीच्या काउंटीत (जिल्ह्यात) जाऊन बसतो.

सेवेत असताना वारलेल्यांचा मृत्युलेख कॉन्फरन्सच्या छापील इतिवृत्तात मिळतो. तुमचा माणूस लोकेटेड झालेला, तेव्हा त्याच्यासाठी काउंटीची दप्तरं आणि १८३४ पासून सिनसिनाटीहून निघणारं 'वेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट' हे मेथडिस्ट साप्ताहिक चाळा. आणि १८३६ नंतरच्या याद्यांवरही नजर टाका, कारण काही जण तब्येत सुधारल्यावर पुन्हा फिरतीवर येत.