बायोमेडिकल सायन्सची पदवी आणि चार वर्षांत डॉक्टर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे निकाल जवळ आले की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत असतो: बायोमेडिकल सायन्सची पदवी हातात आहे, आता डॉक्टर होता येईल का? ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियात पदवीधरांसाठी चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम आहे. भारतात तो नाही. एवढं साधं असूनही दर वर्षी घरं गहाण पडतात, म्हणून या वेळी याच विषयावरची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र हे विषय मी बी.एस्सी.ला शिकले आहे. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळेल का? (विद्यार्थिनी, नाशिक)

नाही. भारतात एमबीबीएसचा रस्ता नीट-यूजीतून जातो आणि तो पहिल्या वर्षापासूनच सुरू होतो. थेट दुसऱ्या वर्षाची हमी देणारा माणूस फसवतो आहे.

प्रश्न : बारावीला गणित नव्हतं आणि आता वय २६ आहे. नीट देता येईल का? (सांगली)

येईल. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी असावं लागतं, गणित नाही. कमाल वयाची अट २०२२मध्येच काढली आहे.

प्रश्न : मुलगी बायोमेडिकल सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका सल्ला केंद्राने सांगितलं की ब्रिटनमध्ये पदवीधरांना चार वर्षांत डॉक्टर होता येतं, पदवी असल्यामुळे नीट लागत नाही आणि ब्रिटनची पदवी भारतात परीक्षेविना चालते. शिकून आल्यावर तिला इथेच दवाखाना काढायचा आहे. (पालक, डोंबिवली)

तीन विधानांपैकी पहिलं खरं आहे. त्याच्या आधारावर उरलेली दोन खपवली जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नीट. परदेशात वैद्यकीय शिक्षण घेऊन भारतात व्यवसाय करू पाहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याने जाण्यापूर्वी नीट-यूजी पात्र असलंच पाहिजे, हा नियम २०१८पासून आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. पदवीधरांना त्यातून सूट नाही. ब्रिटिश विद्यापीठ नीटचे गुण विचारणार नाही, कारण तो त्यांचा प्रश्नच नाही. इथेच लोक गाफील राहतात. प्रवेश मिळतो, व्हिसा मिळतो, सगळं सुरळीत वाटतं आणि पाच-सहा वर्षांनी नोंदणीच्या खिडकीवर नीटचा निकाल मागितला जातो. तेव्हा तो मागच्या तारखेने मिळवता येत नाही. परदेशी जाण्यासाठी मोठा क्रमांक लागत नाही, पात्रता पुरते. खुल्या वर्गाला ५०वं पर्सेंटाइल, राखीव वर्गांना ४०वं. परदेशी प्रवेशासाठी तो निकाल तीन वर्षं धरला जातो. पदवीचा अभ्यास झालेल्या मुलीला अकरावी-बारावीची उजळणी जड वाटेल, पण अशक्य नाही.

आता माझ्या खऱ्या काळजीकडे येतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे परदेशी पदवीधरांसाठीचे नियम १८ नोव्हेंबर २०२१ रोजी अधिसूचित झाले. त्यानुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा लागतो. त्यापुढे त्याच संस्थेत किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप, पदवी जिथली त्या देशात तिथल्या नागरिकासारखाच व्यवसायाचा परवाना, भारतात आल्यावर आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि इथल्या नोंदणीसाठीची चाळणी परीक्षा. पदवीधरांचा चार वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजे फार तर ४८ महिने. तो या नियमात बसत नाही. आधीची बी.एस्सी.ची तीन वर्षं यात जोडता येत नाहीत, कारण नियम वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमाची लांबी मोजतो, एकूण शिक्षणाची नाही. शिवाय ब्रिटनमध्ये इंटर्नशिपसारखं पहिलं वर्ष, म्हणजे फाउंडेशन इयर वन, पदवी मिळाल्यानंतर नोकरी म्हणून करायचं असतं आणि ते स्वतःच्याच विद्यापीठाच्या रुग्णालयात मिळेल असं नाही. 'त्याच संस्थेत इंटर्नशिप' ही अट तिथेही अडकते. पाच वर्षांचा अभ्यासक्रम ५४ महिन्यांची रेषा ओलांडतो, पण इंटर्नशिपचा प्रश्न त्यालाही आहे.

हे फक्त ब्रिटनचं नाही. फिलिपिन्समध्ये आधी बी.एस. आणि मग चार वर्षांची एम.डी. अशी रचना असल्याने २०२१च्या नियमानंतर तिथे गेलेल्या मुलांपुढे हाच पेच उभा राहिला. आपल्याकडच्या अनेक घरांनी तो सोसला आहे. तरीही तेच गणित आता 'ब्रिटन' या नावावर विकलं जातं, याचा मला संताप येतो.

'ब्रिटनची पदवी परीक्षेविना चालते' ही अफवा एका जुन्या तरतुदीतून आली आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांत पदव्युत्तर वैद्यकीय पदवी घेऊन तिथे व्यवसायाची नोंदणी झालेल्या डॉक्टरांना चाळणी परीक्षेतून सूट होती. ती पदव्युत्तर पदवीसाठी होती, पहिल्या पदवीसाठी नाही.

तेव्हा मुलीला डोंबिवलीत दवाखाना काढायचा असेल तर चार वर्षांचा अभ्यासक्रम तिच्यासाठी नाही. त्या देशातच राहून काम करायचं असेल तर तो उत्तम आहे. पैसे भरण्याआधी विशिष्ट विद्यापीठाचं आणि अभ्यासक्रमाचं नाव लिहून आयोगाला लेखी विचारा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेतही चौकशी करा. सल्ला केंद्राकडूनही त्यांची तिन्ही विधानं सही-शिक्क्यासह मागा. देतात का बघा.

प्रश्न : मुलाला बारावीनंतर ब्रिटनमध्ये बायोमेडिकल सायन्सला घालतो आहोत. पहिल्या वर्षानंतर मेडिसिनला बदली मिळते असं एजंट म्हणतो. (पालक, पिंपरी)

अशी बदली अगदी मोजक्या विद्यापीठांत आहे. जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, स्पर्धा आपल्याच वर्गातल्या सर्वांत हुशार मुलांशी, आणि परदेशी विद्यार्थ्यांना ती खुली असेलच असं नाही. बायोमेडिकलच्या जागा भरायला हे आमिष सोयीचं पडतं. मुलाला तो विषय मनापासून आवडत असेल आणि प्रयोगशाळेत काम करायची तयारी असेल तरच पाठवा. त्या पदवीला स्वतःची किंमत आहे. इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्सची मान्यता असलेली पदवी आणि प्रशिक्षणाचा पोर्टफोलिओ पूर्ण केला की तिथे बायोमेडिकल सायंटिस्ट म्हणून नोंदणी होते. डॉक्टर व्हायची पायरी म्हणून मात्र ती घेऊ नका. बदलीची अट विद्यापीठाच्या प्रवेश विभागाकडून ई-मेलवर घ्या.

प्रश्न : युकॅट द्यावी की गॅमसॅट? बायोमेडिकलवाल्यांना झुकतं माप असतं का? (विद्यार्थी, पुणे)

या दोन्ही मेडिसिनच्या प्रवेशपरीक्षा आहेत. आधी विद्यापीठं निवड, परीक्षा आपोआप ठरेल. ब्रिटनमधलं वॉरिक विद्यापीठ कुठल्याही विषयाचा पदवीधर घेतं आणि युकॅट मागतं. तिथे इतिहासाचा पदवीधर तुझ्या शेजारी बसेल. ऑस्ट्रेलिया आणि आयर्लंडमध्ये गॅमसॅट चालते. तिच्या विज्ञान विभागात साधारण ४० टक्के जीवशास्त्र, ४० टक्के रसायनशास्त्र आणि २० टक्के भौतिकशास्त्र असतं, त्यामुळे तुला तिथे थोडा आधार आहे. पण बायोमेडिकलची मुलं सेंद्रिय रसायन आणि भौतिकशास्त्र विसरलेली असतात, आणि निबंधाच्या विभागाकडे तर बघतही नाहीत.

क्लासवाल्यांचे जुने प्रश्नसंच घेऊ नकोस. बीमॅट ही परीक्षा २०२३नंतर बंद झाली. युकॅटमधला अॅब्स्ट्रॅक्ट रीझनिंगचा, म्हणजे आकृत्यांतला क्रम ओळखण्याचा विभाग २०२५पासून काढला आणि एकूण गुण ३६००वरून २७०० झाले. तरी मागच्या पावसाळ्यात एका विद्यार्थ्याने जुना विभाग असलेला, भारी किमतीचा संच मला दाखवला. युकॅटचा सराव परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतो.

प्रश्न : आधी अंतिम निकाल हातात येऊ दे, मग युकॅटचं बघतो. चालेल ना? (ठाणे)

चालणार नाही. युकॅट जुलै ते सप्टेंबरमध्ये होते, एका वर्षात एकदाच देता येते, आणि ब्रिटनमधला मेडिसिनचा अर्ज १५ ऑक्टोबरला संध्याकाळी सहाला बंद होतो. निकालाआधीही अर्ज करता येतो, प्रवेश मग निकालाच्या अटीवर मिळतो.

प्रश्न : आम्ही नोकरीच्या व्हिसावर लेस्टरला आलो, चार वर्षं झाली. मुलगा बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला अर्ज करावा की पाच वर्षांच्या? (आई, लेस्टर)

त्याला तिथेच राहायचं आहे असं धरतो, म्हणजे वरची ५४ महिन्यांची अडचण तुम्हाला नाही. तुमची अडचण वेगळी आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक शुल्क आणि कर्ज मिळायला साधारणपणे अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी कायम वास्तव्याचा परवाना आणि त्याआधीची तीन वर्षं तिथलं वास्तव्य लागतं. आई-वडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेला मुलगा शाळा तिथे शिकलेला असला तरी बहुधा परदेशी विद्यार्थी धरला जातो. हे कुटुंबांना प्रवेशपत्र आल्यावर कळतं, आणि तोवर शुल्काचा आकडा कित्येक पट झालेला असतो. परदेशी विद्यार्थ्यांच्या जागाही तुटपुंज्या आहेत आणि पदवीधरांचे काही अभ्यासक्रम त्यांना घेतच नाहीत. सेंट अँड्र्यूज आणि डंडीचा स्कॉटजेम हा त्यातलाच एक.

परवाना वेळेत मिळत असेल तर पैशाच्या दृष्टीने चार वर्षांचा अभ्यासक्रम बरा. पहिल्या वर्षी शुल्काचा काही भाग खिशातून जातो, उरलेल्याला कर्ज मिळतं आणि दुसऱ्या वर्षापासून एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, शुल्कातला वाटा उचलते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मात्र ती दुसरी पदवी ठरते, म्हणून पहिली चार वर्षं शुल्काचं कर्ज मिळत नाही, फक्त राहण्या-जेवण्याचं मिळतं. उलट, चार वर्षांच्या जागांसाठी चुरस फार असते. मेडिसिनसाठी चार पर्याय भरता येतात, ते दोन्ही प्रकारांत वाटून भरा. पण त्याआधी स्थलांतराच्या नोंदणीकृत सल्लागाराशी आणि विद्यापीठाच्या शुल्क विभागाशी बोला. मी या दोघांची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्न : मुलाखतीशिवाय ब्रिटनमधली मेडिसिनची जागा 'राखून' ठेवण्यासाठी दोन लाख मागितले आहेत. (नांदेड)

देऊ नका. तिथे मुलाखतीशिवाय मेडिसिनला प्रवेश होत नाही आणि जागा राखून ठेवणं हा प्रकारच नाही. दिले असतील तर पावती घेऊन पोलिसांकडे जा.

प्रश्न : नीट दोनदा हुकली, परदेशी जायला पैसे नाहीत. बायोमेडिकलनंतर वैद्यकीय क्षेत्रात राहता येईल का? (विद्यार्थिनी, रत्नागिरी)

येईल. काही वैद्यकीय महाविद्यालयांत एम.एस्सी. मेडिकल हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीव, औषधशास्त्र असे विषय असतात आणि पुढे अध्यापन किंवा निदान प्रयोगशाळेत काम मिळतं. त्याने डॉक्टर होता येत नाही, रुग्णाला औषध लिहून देता येत नाही, आणि तसं भासवणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नकोस. वैद्यकीय महाविद्यालयात अशा शिक्षकांना किती जागा द्यायच्या, याचे नियम आयोगाने मध्यंतरी आवळले आणि नंतर पुन्हा सैल केले, म्हणजे ते पुढेही बदलू शकतात. तेव्हा ज्या महाविद्यालयाचा विचार करतेस तिथे स्वतः जा, विभागप्रमुखांना भेट, मागच्या तीन तुकड्यांतली मुलं आज कुठे काम करतात ते विचार, जमलं तर त्यातल्या एक-दोघांशी बोल आणि मग अर्ज भर.